नाते : मावसभाऊ

मंगळवार, ६ मार्च २०१२. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कल्याणीचा फोन आला. न्यूझीलंडमध्ये तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कामाच्या वेळात ती फोन करत नसे.

"जागा आहेस?"

"झालो."

"मग ऐक. नाशिकच्या घराचा पोलिसांचा फॉर्म होता ना, भाडेकरूंचा? त्यावर आपलं नातं काय लिहिलं होतं?"

मी उठून बसलो.

"मावसभाऊ-मावसबहीण."

"तो फॉर्म आपण इमिग्रेशनला पाठवलाय. त्यांचं पत्र आलंय."

पलीकडे पंपांचा आवाज येत होता. कल्याणी पाणी शुद्धीकरणाची इंजिनिअर. वर्षभरापूर्वी हॅमिल्टन शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात नोकरी लागून ती गेली. जाण्याच्या महिनाभर आधी आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. डिसेंबरात तिने कुशल कर्मचारी म्हणून तिथल्या कायम रहिवासाचा अर्ज केला आणि त्यात जोडीदार म्हणून माझं नाव घातलं. जोडीदार अर्जात यायचा तर लग्नाचा दाखला पुरेसा नव्हता. दोघं किमान बारा महिने एका घरात राहिल्याचे कागद लागत. आम्ही एकोणीस महिने राहिलो होतो. कागद मात्र फारसे नव्हते. विजेचं बिल घरमालकीणबाईंच्या नावावर, गॅस कल्याणीच्या भावाच्या नावावर, फोन आपापले. दोघांची नावं आणि एकच पत्ता असलेला सरकारी शिक्क्याचा कागद एकच होता: पोलीस ठाण्यातला भाडेकरूंच्या माहितीचा फॉर्म. त्यात 'नाते' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, मावसभाऊ.

"पत्रात नेमकं काय म्हटलंय ते वाच," मी म्हणालो.

"पोलिसांना तुम्ही एक नातं सांगितलं, आम्हाला दुसरं सांगताय. यातलं खरं कोणतं ते पुराव्यासह कळवा. शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत."

"हा शुक्रवार? पत्र आज आलं?"

"जुन्या पत्त्यावर गेलं होतं. तिथल्या बाईने नीट फ्रिजवर लावून ठेवलं. चुंबकाखाली. आठ दिवस."

"नाही कळवलं तर?"

"तर तू अर्जातून बाहेर. आणि मी खोटी माहिती दिली असं त्यांनी धरलं तर मीही बाहेर. माझा आत्ताचा व्हिसा नोव्हेंबरात संपतो, उदय." मग तिने विचारलं, "पाठवताना तू तो वाचला नव्हतास?"

"नाही."

"भाषांतर करून आणलंस. स्कॅन केलंस. फाइलला नाव दिलंस. आणि वाचलं नाहीस. लोकांच्या बातम्यांतले स्वल्पविराम वेचणारा माणूस तू."

"घाई होती."

"बरं. आता काय करायचं ते बोल."

कल्याणीची ही पद्धत आहे. आधी गळती बंद करायची, कुणामुळे झाली ते नंतर.

मी हिशेब केला. तिथले शुक्रवारचे पाच म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी सकाळचे साडेनऊ. गुरुवारी धुळवड, कोर्टकचेऱ्या बंद. म्हणजे जे करायचं ते बुधवारी संध्याकाळपर्यंत. अकरा वर्षं मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन पूर्ण दिवस ही माझ्या धंद्यात चैन होती.

"गर्गेबाई," मी म्हणालो.

"त्यांना काय सांगणार? एकोणीस महिने तुमच्याशी खोटं बोललो, आता आमच्यासाठी जरा खरं लिहून द्या?"

"साधारण तेच."

"कोर्टात होत्या त्या, उदय!"

"म्हणूनच."

*

जून २००९ मध्ये आम्ही घर शोधत होतो तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, आणि दोन्हीकडच्या जातींमुळे लवकर होईल अशी चिन्हंही नव्हती. गंगापूर रोडवर गर्गेबाईंच्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. अट अशी की कुटुंब हवं किंवा नातेवाईक. एजंट वाघ अनुभवी होता.

"भाऊ-बहीण सांगू नका, आडनावं वेगळी आहेत," तो म्हणाला.

"मग मामेभाऊ सांगू," मी म्हणालो.

"अहो, मामेभावाशी लग्न होतं आपल्यात! आतेभाऊही नको. मावस सांगा. मावस म्हणजे सख्ख्यासारखंच, कुणाच्या मनात काही येत नाही."

आम्ही मावस सांगितलं. फॉर्म मी भरला, बाईंनी मालक म्हणून खाली सही केली.

कुमुद गर्गे जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलायचे, बाई लिहून घ्यायच्या. एकट्या राहत. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्हाला चहाला खाली बोलवत आणि खटल्यांच्या गोष्टी सांगत. त्यातली एक कल्याणीला फार आवडली होती.

"साक्षीदार उत्तर देण्याआधी थांबला," बाई म्हणाल्या होत्या, "की मी समासात पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारायची. छोट्या. निकाल लिहायला बसले की साहेब विचारायचे, गर्गे, हा कुठे थांबला होता? कागदावर शब्द उतरतात, थांबणं उतरत नाही ना."

त्यानंतर घरात तो खेळच झाला. वीज बिल भरलंस का, असं कल्याणीने विचारावं, मी क्षणभर गप्प राहावं, आणि तिने हवेत बोट फिरवून म्हणावं, "दोन रेघा."

फेब्रुवारी २०११ मध्ये कल्याणी गेली. मी सातपूरला प्रेसजवळ एक खोली घेतली आणि बाईंना किल्ल्या परत केल्या. लग्न झाल्याचं तेव्हाही सांगितलं नाही. एकदा मावसभाऊ झाल्यावर मधेच नवरा कसा व्हायचं ते मला सुचलं नव्हतं.

*

मंगळवारी दहा वाजता मी बाईंची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, चष्म्यावरून पाहिलं.

"ये. चपला बाहेर. एकटाच? बहीण कुठाय?"

"बाई, ती बहीण नाही."

"ते मला माहीत आहे. तू कधी सांगतोस ते बघत होते. बस."

मी बसलो. टेबलावर वर्तमानपत्र होतं, आमचं नव्हे.

"तुमचा पेपर मी बंद केला," बाई म्हणाल्या. "एका आठवड्यात शब्दकोड्याला तेच उत्तर दोनदा. लक्ष कुठे असतं रे तुमचं?"

"कोडं माझ्याकडे नसतं."

"हं. तुझ्याकडे काही नसतंच. बोल, काय आणलंयस?"

मी सगळं सांगितलं. हॅमिल्टन, अर्ज, बारा महिन्यांची अट, शुक्रवार. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग हात पुढे केला. मी फॉर्मची प्रत दिली. त्यांनी भिंग लावून ती खालपर्यंत वाचली.

"अक्षर तुझं?"

"हो."

"सुरेख आहे. खोटं लिहिताना माणूस जरा सावकाश लिहितो. माझ्याकडून काय हवंय?"

"आम्ही इथे नवरा-बायकोसारखे राहत होतो, एवढं लिहून द्या."

"ते मी लिहिणार नाही."

बाईंनी भिंग डबीत ठेवलं.

"सारखे म्हणजे काय? ते माझं मत झालं. साक्षीदाराला मत विचारत नाहीत. मी पाहिलं ते लिहीन आणि माझ्या कानांनी ऐकलं ते लिहीन. त्याचा अर्थ लावायला त्यांनी तिकडे पगारी माणूस ठेवलाय ना?"

"तुम्ही काय पाहिलंत?"

बाई उठल्या आणि कपाटातून दोन जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आल्या. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी होतं: नळवाला आला, ताप, टाकी धुतली, सुमनचा फोन. २००९ चा जुलै त्यांनी उलगडला आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला.

"तेवीस आणि चोवीस जुलै. तुमचं भांडण झालं होतं. ओला टॉवेल गादीवर टाकण्यावरून. खालपर्यंत ऐकू आलं."

"असेल."

"असेल नाही, होतं. इथे लिहिलंय. भाऊ-बहीण टॉवेलवरून भांडतात, पण जेवायच्या वेळी विसरतात. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. जिन्यातली दुधाची पिशवी तिने उचलावी म्हणून तू ओलांडून गेलास, आणि तू उचलावीस म्हणून ती. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नासलेल्या पिशव्या मी उचलल्या."

"बाई, हे लिहिणार?"

"का? खोटं आहे?"

"तिकडच्या साहेबाला काय कळणार त्यातून?"

"त्याचं लग्न झालं असेल तर कळेल."

त्यांनी ऑगस्टचं पान काढलं. पाच तारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"राखीपौर्णिमा. तेव्हा मला नुसता संशय होता. संशय नोंदवत नाहीत. म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक राखी आणली आणि वर आले. आठवतंय?"

आठवत होतं. त्या सकाळी बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "कल्याणी, तुला कामातून बाजारात जायला कुठे वेळ मिळतो! घे, मावसभावाला बांध." कल्याणीने पाकीट घेतलं होतं, "आंघोळ झाली की बांधते" म्हणाली होती, आणि दार लावून भिंतीला टेकून उभी राहिली होती. मी हसलो तर तिने मला उशी फेकून मारली. बांधता येईना, आणि फेकायचाही धीर होईना. ती राखी कुठे गेली ते मला पुढे माहीत नव्हतं.

बाईंनी टेबलाचा खण ओढला आणि प्लॅस्टिकचं एक छोटं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. आत लाल दोऱ्याची राखी, मधे खोटा मोती. पाकिटाला लावलेली पिन तशीच होती. मागे दुकानाची चिठ्ठी, तिच्यावर तारखेचा शिक्का.

"अठरा फेब्रुवारी २०११. घर रिकामं झालं तेव्हा स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या खाली. मी दिली ती तारीख माझ्याकडे आहे, मिळाली ती तारीख आहे, आणि पिन निघालेली नाही. राखी कोण कुणाला बांधतं ते एका ओळीत समजावून सांगते. ती ओळ मताची नाही, रिवाजाची आहे. चालेल."

मी त्या पाकिटाकडे बघत राहिलो. एकोणीस महिने एका घरात राहिल्याचा यापेक्षा चांगला कागद मला कुठल्या कचेरीतून मिळाला नसता.

बाईंनी चहा ठेवला. आतूनच म्हणाल्या, "धुळ्याला साहेब होऊन चाललास म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या पेपरचा एजंट मोरे. एक एप्रिलपासून धुळे आवृत्ती तुझ्याकडे. पेपर परत लावा म्हणून आला होता, त्या भरात बोलला."

"अजून नक्की नाही."

"कल्याणीला सांगितलंस?"

"नक्की झालं की सांगेन."

कप-बशांचा आवाज आला.

चहा झाल्यावर त्यांनी ताव घेतले, समासाची घडी घातली, पेन्सिलीला टोक केलं आणि आधी स्वतःचं प्रतिज्ञापत्र मराठीत लिहून काढलं. इंग्रजी त्या दुसऱ्या दिवशी टायपिस्टला तोंडी सांगणार होत्या. तासाभराने त्यांनी मला ते वाचायला दिलं. अकरा कलमं होती. दहा कलमं मी अपेक्षेप्रमाणे वाचली. अकरावं असं होतं:

'जून २०१० मध्ये भाडेकरार नवा झाला तेव्हा पोलीस ठाण्यात पुन्हा फॉर्म भरला. त्यातही नाते मावसभाऊ असेच लिहिले होते. ते खरे नाही हे मला तोपर्यंत माहीत होते. तरी मी सही केली व ठाण्यास कळवले नाही. ही चूक माझी आहे.'

"हे कशाला?" मी म्हणालो. "दुसरा फॉर्म मी त्यांना पाठवलेलाच नाही."

"पाठवला नाहीस, पण आहे."

"कुणी विचारलेलं नाही बाई. तुमच्यावर उगाच येईल."

"तू कापण्याच्या धंद्यातला माणूस. मी लिहून घेण्याच्या." त्यांनी ताव परत घेतला. "मला ऑगस्टात कळलं असं मी लिहिते. मग तो साहेब विचारणारच, कळल्यावर काय केलंस? साक्षीदाराने आपल्यापुरतं वगळलं ना, की उरलेली साक्ष कुणी धरत नाही."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत आम्हाला? घराबाहेर का नाही काढलंत?"

"कशाला काढू? ती पोरगी माझ्या टाकीचा नळ स्वतः दुरुस्त करायची." त्यांनी नवा ताव पुढे ओढला. "आता तुझं. प्रश्न मी विचारते, उत्तरं तू द्यायची. नाव?"

"उदय रामचंद्र खैरे."

"माहितीच्या फॉर्मवर नाते मावसभाऊ असे कुणी लिहिले?"

"मी."

"ते खरे होते?"

"नाही."

"खोटे का लिहिले?"

"लग्न झालेलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर घर मिळालं नसतं."

पेन्सिल न थांबता चालत होती. मी बोलत होतो त्याच वेगाने त्या लिहीत होत्या.

"अर्जासोबत हा फॉर्म कुणी पाठवला?"

"मी."

"पाठवताना वाचला होता?"

खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी होळीसाठी लाकडं उतरवत होतं.

"नाही."

"न वाचता पाठवला. असं लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं.

*

बुधवारी अकरा वाजता आम्ही जिल्हा न्यायालयाच्या आवारात होतो. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि हातात कापडी पिशवी, तिच्यात कॅलेंडरं. टायपिस्टच्या मागे उभं राहून त्यांनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं इंग्रजीत सांगितली. एका दमात, विरामचिन्हांसकट. तो वळून म्हणाला, "मॅडम, हळू." बाई म्हणाल्या, "तू जोरात."

नोटरी देवरे तरुण होता. त्याने बाईंचं प्रतिज्ञापत्र चाळलं आणि शेवटच्या पानावर थांबला.

"आजी, हे अकरा नंबर काढून टाका. पोलिसांना माहीत असून खोटं दिलं, असं कशाला अंगावर घेता? कुणी मागितलंय?"

"आजी तुझ्या घरी. मी गर्गे. तुझे वडील उलटतपासणी शिकले तेव्हा समोर बसून लिहून घ्यायला मी होते. फार वाईट प्रश्न विचारायचे."

देवरेने शिक्का मारला.

माझ्या प्रतिज्ञापत्रावर मी तीन ठिकाणी सही केली. देवरेने नियमाप्रमाणे विचारलं, "मजकूर वाचलाय? खरा आहे?" मी हो म्हणालो. बाई पिशवीत कॅलेंडरं नीट बसवत होत्या.

राखीचं पाकीट स्कॅनरच्या काचेवर दोन्ही बाजूंनी ठेवून घेतलं. स्कॅनिंगवाल्याने विचारलं, "सायेब, हे काय चोरीचं-बिरीचं प्रकरण आहे का?" पाच वाजून वीस मिनिटांनी सगळे कागद गेले. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी कल्याणी जागी होती. अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

"दुधाच्या पिशव्या! त्यांनी तारखांसकट लिहिलंय. मला वाटलं होतं मांजराने नेल्या."

"मला वाटलं होतं तू उचलल्यास."

ती हसली, पहिल्यांदा दोन दिवसांत. मग म्हणाली, "राखी मी चमच्यांखाली ठेवली होती. निघताना काढायची राहिली." थोड्या वेळाने म्हणाली, "अकरावं कलम वाचलं. त्यांनी स्वतःवर घेतलंय उदय. त्यांना काय पडलं होतं?"

"मी नको म्हणालो होतो."

"हं. आणि तुझ्या कागदात ते एक वाक्य. न वाचता पाठवला."

"हो."

"ठीक आहे. सकाळी उघडल्या उघडल्या देऊन येते."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने मला फोन केला. आवाज बाईचा, सौम्य. तिने माझं नाव, जन्मतारीख विचारली आणि मग पहिलाच प्रश्न टाकला, "ते दूध शेवटी कुणी उचललं?"

"गर्गेबाईंनी," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी."

"आणि टॉवेल कुणाचा होता?"

"माझा."

तासाभरापूर्वी तिने हेच दोन प्रश्न कल्याणीला विचारले होते. टॉवेलच्या उत्तराला कल्याणीने पुस्ती जोडली होती, "अजूनही त्याचाच असतो." बारा जूनला अर्ज मंजूर झाला. दोघांचा. बाईंना त्या अकराव्या कलमाबद्दल कुणीही, कधीही, काहीही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये मी विमानात बसलो. निघण्याआधी नमस्कार करायला गेलो तेव्हा बाईंनी आमचा पेपर परत लावलेला होता. "आता तू नाहीस तिथे," त्या म्हणाल्या, "म्हटलं सुधारला असेल."

*

तो फॉर्म मी वाचला होता.

शनिवार, १० डिसेंबर २०११, स्कॅनिंगच्या दुकानात. आधी मराठी वाचला, मग इंग्रजी भाषांतर. 'मावसभाऊ'ला भाषांतरकाराने 'आईच्या बहिणीचा मुलगा' असं फोड करून लिहिलं होतं, अगदी अचूक. माझ्या पिशवीत कोरा कागद होता. चार ओळींचा खुलासा लिहून जोडायला दहा मिनिटं लागली असती. रोज रात्री दुसऱ्यांच्या बातम्यांना मी तेवढं करतच होतो.

आदल्या दिवशी संपादकांनी मला आत बोलावून धुळे आवृत्तीबद्दल विचारलं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो होतो. कल्याणीला ते कळवलं नव्हतं. तिच्या अर्जातला जोडीदार होऊन परक्या देशात उतरायचं, की धुळ्याला जायचं, याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. तिकडच्या कचेरीने मला नाकारलं असतं तर ते आपोआप मिळालं असतं. मी फाइलला नाव दिलं आणि पाठवली. माझ्यासोबत तिचाही अर्ज बुडू शकतो हे मला सहा मार्चच्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. त्या सकाळनंतरचं जे काही मी केलं ते मनापासून केलं. धुळ्याला मी नऊ मार्चला नकार कळवला, शुक्रवारी, साडेनऊच्या आत. धुळ्याचं कल्याणीला पुढे सांगितलं. डिसेंबरचा शनिवार सांगितला नाही.

याला बारा वर्षं झाली. आम्ही हॅमिल्टनमध्येच आहोत. कल्याणीच्या हाताखाली आता दोन शुद्धीकरण केंद्रं आहेत. मी एका दूध प्रक्रिया कारखान्यात पाकिटांवरचा मजकूर तपासतो. वजन, घटक, मुदतीची तारीख. चुका सापडतात. आमचं बरं चाललंय, हे मी जबाबदारीने लिहितो.

काल नाशिकहून जाड पाकीट आलं. गर्गेबाई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पुण्याला भाचीकडे राहायला चालल्यात आणि बंगल्यातली कपाटं रिकामी करतायत. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात नावं होती, आधी कल्याणीचं, मग माझं. कल्याणीने ते उघडलं. आत राखी होती, पिन तशीच. पेन्सिलीने लिहिलेले मूळ ताव होते, त्यांचे आणि माझे. सोबत एक ओळ: 'तुमचे कागद तुमच्याकडे असावेत.'

मी संध्याकाळी उशिरा आलो तोवर ती झोपली होती. आज सकाळी निघताना तिने फक्त एवढंच सांगितलं, "बाईंचे कागद आलेत. टेबलावर आहेत. तुझा वरती ठेवलाय."

आज मला सुट्टी आहे. मी माझा ताव दोनदा वाचला. बाईंनी प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेतलीयत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. डावीकडे समास सरळ, कोरा. फक्त एका ओळीसमोर, 'पाठवताना वाचला होता?' या प्रश्नाच्या खाली, पेन्सिलीच्या दोन छोट्या उभ्या रेघा आहेत.

कल्याणी साडेपाचला घरी येते. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत.